निवड, कृपा आणि कर्म : नाशिकच्या ख्रिस्ती परंपरेतील एक जुना प्रश्न

तारण, म्हणजे पापाच्या बंधनातून सुटून देवाशी पुन्हा जोडले जाणे, हे मनुष्याला सत्कर्मांनी मिळते, विश्वासाने मिळते की केवळ देवाच्या इच्छेने मिळते, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मविचारात पहिल्या शतकापासून वाद चालत आला आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे प्रतिपादन केले, तर याकोबाच्या पत्राने कृतीवाचूनचा विश्वास निर्जीव मानला. त्याच रोमकरांस पत्रात पौलाने निवडीचा अधिक अवघड मुद्दाही मांडला आहे. इसहाकाचे जुळे पुत्र एसाव आणि याकोब (हा पत्रलेखक याकोबाहून वेगळा) जन्मण्यापूर्वी, त्यांच्या हातून बरेवाईट काही घडण्यापूर्वीच देवाने धाकट्याला पसंत केले, असे तो सांगतो. देव काहींना त्यांची योग्यता न पाहता आपलेसे करतो, हा निवडीच्या सिद्धांताचा गाभा होय.

पाचव्या शतकात पेलागियसने मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेवर भर दिला, तेव्हा ऑगस्टीनने (354–430) त्याला उत्तर देताना असे म्हटले, की चांगले इच्छिण्याची शक्तीसुद्धा कृपेनेच मिळते. सोळाव्या शतकात ल्यूथरने केवळ विश्वासाचा आग्रह धरला आणि कॅल्विनने निवडीला आपल्या धर्मशास्त्रात ठळक स्थान दिले. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये कृपेचे प्राथम्य मान्य करूनही मनुष्याच्या सहकार्याला जागा ठेवली. पुढे डच धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांनी निवड ही देवाला आधीच ठाऊक असलेल्या विश्वासावर अवलंबून असते असे म्हटले, परंतु 1618–19 मधील डॉर्टच्या सभेने ते मत फेटाळले.

हा वाद महाराष्ट्रात मिशनऱ्यांच्या सामानातून आला. मुंबईत 1813 मध्ये सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन आणि जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन कॅल्विनच्या परंपरेतले होते, तर 1832 मध्ये नाशिकला आलेली चर्च मिशनरी सोसायटी अँग्लिकन होती. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी अकरावे कलम विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी, बारावे त्या विश्वासातून उगवणाऱ्या सत्कर्मांविषयी, तर सतरावे निवडीविषयी आहे. म्हणजे नाशिकमध्ये सुवार्ता सांगणाऱ्यांच्या हाती तिन्ही गोष्टींची मांडणी तयारच होती, मात्र ती ऐकणाऱ्यांची मनोभूमी युरोपहून सर्वस्वी निराळी होती.

ज्या गावी सिंहस्थात गोदावरीच्या स्नानाने पुण्य जोडले जाते, तेथे कर्माचा विचार केवळ या जन्मापुरता राहत नाही, कारण आजची स्थिती ही मागील कर्मांचे फळ मानली जाते आणि जातीची उतरंडही त्याच न्यायाने समर्थिली जाते. दुसरीकडे वारकरी संतांनी देवाच्या निर्हेतुक कृपेचा महिमा पिढ्यान्‌पिढ्या गायला होता. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये तर पिलाने आईला घट्ट धरायचे की आईने पिलाला तोंडात धरून न्यायचे, या मर्कटन्याय आणि मार्जारन्यायाच्या भेदावरून दोन पंथ उभे राहिले होते. त्यामुळे योग्यतेवाचून लाभणारी कृपा मराठी श्रोत्याला अपरिचित नव्हती. तिचा स्वीकार केल्यावर जन्माने ठरलेल्या योग्यतेचे काय होते, हा प्रश्न मात्र येथे युरोपातल्यापेक्षा कितीतरी तीव्र होता.

कृपा आणि कर्म यांचे नाते पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) जीवनात विशेष स्पष्ट दिसते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, परंतु 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्यांनी नोंदविले, की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचल्यावर, तारण विधींवर वा स्वतःच्या चांगुलपणावर अवलंबून नसून विश्वासाने स्वीकारावयाची देणगी आहे, असे त्यांना उमगले. ही समजूत येऊनही त्या कर्मविमुख झाल्या नाहीत, उलट केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळात सापडलेल्या स्त्रिया व मुलींचा सांभाळ आणि बायबलचा मराठी अनुवाद ही त्यांची मोठी कामे त्यानंतरचीच आहेत. कर्म हे तारणाची किंमत राहिले नाही, तेव्हाच ते फळाच्या हिशेबातून मोकळे झाले, असा त्याचा अर्थ लावता येतो.

नाशिकजवळच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीतही हाच प्रश्न सामाजिक रूपात उभा राहिला. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850च्या दशकात वसविलेल्या या गावात गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांनाही आश्रय मिळाला आणि त्यांना शिक्षणाबरोबर हातचे उद्योगही शिकविले गेले. आफ्रिकेत फिरलेल्या लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाचे पार्थिव 1874 मध्ये इंग्लंडला नेणारा जेकब वेनराइट याच परंपरेत घडलेला. या मुलांची सुटका त्यांच्या कोणत्याही गुणामुळे झाली नव्हती, त्या अर्थाने त्यांचा अनुभव कृपेच्या व्याख्येशी मिळता होता. तरीही सोडविणारा आणि सोडविलेला यांच्यातील अंतर त्यामुळे मिटत नव्हते, कारण मुलांचे शिक्षण, धर्म आणि पुढील वाट मिशनच ठरवीत असे. मनुष्य जेव्हा कृपेचे वाटप करणारा बनतो, तेव्हा घेणाऱ्यावर कृतज्ञतेचे ओझे पडते आणि मागल्या दाराने कर्माचा हिशेब पुन्हा सुरू होतो.

निवडीची दुसरी बाजू निवड न झालेल्यांची आहे. नाशिकच्या मिशनचे आरंभीचे मिशनरी सी. पी. फरार यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र एफ. डब्ल्यू. फरार यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीतील आपल्या प्रवचनांतून बहुसंख्य मानवजात अनंतकाळच्या यातनेला नेमलेली आहे या समजुतीला आव्हान दिले. ही प्रवचने 1878 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि इंग्लंडमध्ये वादळ उठले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) निवड नेमकी कोणाची झाली, हा पेच मंडळीच्या सीमेवर आणून ठेवला. नाशिकशी निकटचा संबंध असलेल्या या कवीने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले आणि दीर्घकाळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केल्यावर 1917 मध्ये ते सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. देवाने कोणाला आपलेसे केले आहे, हे मंडळीच्या नोंदवहीवरून पूर्णपणे ठरत नाही, हा त्यामागील आशय होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जातीचा सोवळेपणा आपल्या मनातून कसा गळाला हे लिहिले आहे आणि त्यातून कृपेचा स्वीकार म्हणजे जन्माच्या अभिमानाचा त्याग, हे दिसून येते.

युरोपातून आलेले हे भांडण पुढे बरेच निवळले. उत्तर भारतीय चर्चच्या 1970 मधील स्थापनेने अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट अशा निरनिराळ्या मतांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांतही त्यात सामील झाला. लुथरन आणि कॅथलिक यांनी 1999 मध्ये नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्र स्वीकारले.

महाराष्ट्रात मात्र या सिद्धांताची खरी कसोटी जातीच्या संदर्भातच लागते. एसाव थोरला होता आणि वारसा रूढीने त्याचा होता. पौलाच्या युक्तिवादात निवड जन्मसिद्ध अधिकाराला मोडून काढते आणि करिंथकरांस लिहिताना तो जगातील हीनदीनांना देवाने निवडले असे म्हणतो. ख्रिस्ती झाल्यावरही जातिभेद पाळणाऱ्या मंडळ्या अहमदनगर-नाशिकच्या पट्ट्यात आणि इतरत्र दिसतात, तेव्हा तेथे निवडीचे रूपांतर नव्या जन्मसिद्ध अधिकारात झालेले असते आणि तो सिद्धांत स्वतःच्याच अर्थाविरुद्ध वापरला जातो. आपली निवड योग्यतेवाचून झाली असे मानणाऱ्याला दुसऱ्याची योग्यता तपासण्याचा अधिकार उरत नाही. याकोबाच्या पत्रातही धनवानाला मानाची आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची कानउघाडणी कृतीवाचूनच्या विश्वासाच्या चर्चेआधीच येते. पौल आणि याकोब यांची या भूमीतील गाठ तेथेच पडते.