मुत्सद्दी कोणाला म्हणावे?

'तो मोठा मुत्सद्दी आहे' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निम्मं कौतुक असतं आणि निम्मी शंका. गोड बोलून आपलं काम साधणारा, असंच मनात येतं. मूळ शब्द मात्र अरबी, 'मुतसद्दी', म्हणजे काम अंगावर घेणारा. फारशीच्या वाटेने तो आपल्या दफ्तरांत आला. मोगलाईत सुरत बंदराचा अधिकारी मुतसद्दी, आणि साधा हिशेब लिहिणारा कारकूनही मुतसद्दीच. हिंदीत तो कारकूनच राहिला, मराठीत थेट राजकारणात चढला. (आम्हा बँकवाल्यांना एवढी बढती कधी मिळाली नाही!)

यात नवल नाही. साडेतीन शहाण्यांतले नाना फडणवीस पदाने हिशेबाचेच. १७६९ साली माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला, त्यातही आपल्या वाशीमच्या कापडाचं कलम होतं. ज्याला जमाखर्च कळतो त्यालाच तह करता येतो.

दत्तभक्त जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ महाराज रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. एक पैसुद्धा दडपायची नाही, असा तो हिशेब.

मग सांभाळून बोलणं आणि खोटं बोलणं, यांत रेघ कुठे ओढायची? नोकरीत असताना एक वृद्ध खातेदार काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, पोरं येतील इचारायले. ठेव मोडली म्हणून सांगजा." हात थरथरत होता. मी म्हटलं, "काका, आकडा कोणालाच सांगणार नाही, तो तुमचा. पण मोडली असंही सांगणार नाही."

मुलगा आला. "वडिलांना सोबत आणा," एवढंच त्याला सांगितलं. तो तणतणत गेला.

न सांगणं हा मुत्सद्द्याचा हक्क आहे, खोटी नोंद करणं नाही, असं मी आजही मानतो. पण काकांची भीती खरी होती, आणि माझ्या खरेपणाने ती कमी झाली नाही. त्यानंतर पासबुक भरायला ते माझा काउंटर रिकामा असला तरी शेजारच्या रांगेत उभे राहत.