कागद मागणारे आणि माणूस पाहणारे

पदवी घेऊन पहिल्या नोकरीसाठी बाहेर पडलेल्या मुलाला विचारले जाते, "दोन वर्षांचा अनुभव आहे का?" मामाच्या गॅरेजमध्ये इंजिने उघडत वाढलेल्या मुलाला विचारले जाते, "प्रमाणपत्र कुठे आहे?" दोघेही रिकाम्या हाताने परततात. पदवी श्रेष्ठ की अनुभव, हा वाद आपण नंतर घालू. आधी विचारणाऱ्याकडे पाहू. शिकवण्याचा खर्च दुसऱ्या कोणीतरी सोसलेला असावा आणि माणूस पारखण्याचा त्रासही आपल्याला पडू नये, अशी त्याची इच्छा असते.

दिव्य कुरआनच्या सूरह अल-कससमधील प्रसंग आठवा. प्रेषित मूसा (अ.) इजिप्तमधून जीव वाचवून मदयनला आले, तेव्हा त्या परक्या मुलुखात त्यांच्याजवळ कोणाची शिफारस नव्हती. पाणवठ्यावर गर्दी होती. दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला थांबल्या होत्या. वडील वृद्ध होते. मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि मोबदला न मागता ते सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांतील एकीने वडिलांना सुचविले की, यांना कामावर ठेवावे. कारणे दोनच सांगितली: हे सामर्थ्यवान आहेत आणि विश्वासू आहेत. ही पारख ऐकीव नव्हती, पाणवठ्यावर डोळ्यांनी पाहिलेली होती.

म्हणून पदवी व्यर्थ, असे मात्र समजू नये. आपल्या विद्यापरंपरेत सनद ही साक्षच होती; ज्या उस्तादासमोर शिष्याने ग्रंथ वाचला, तो उस्ताद स्वतःच्या नावाने इजाजत देई. साक्ष खरी तेवढा कागद खरा. म्हणूनच न केलेल्या कामाचे विकत घेतलेले अनुभवपत्र ही खोटी साक्ष ठरते. "अटच अशक्य होती, मग मुलाने काय करावे?" ही सबब मी चांगल्या नमाजी घरांतही ऐकली आहे. अट अन्यायाची आहे, हे मान्य. पण त्या पत्राने जागा जाते ती अट घालणाऱ्याची नव्हे, रांगेतल्या दुसऱ्या प्रामाणिक मुलाची.

आणि तुमचे स्वतःचे दुकान किंवा कारखाना असेल, तर निवड ही तुमच्याकडील अमानत आहे. शिकाऊ उमेदवारालाही विद्यावेतन द्यावे, हे आपल्या देशात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही मानले आहे. 'अजून शिकतोय' म्हणून फुकट राबवून घेणाऱ्यांनी ती हदीस आठवावी, जिच्यात पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध निवाड्याच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, असे सांगितले आहे. गॅरेजमधल्या मुलापुढे बिघडलेले इंजिन ठेवा, पदवीधराच्या हाती महिन्याचा हिशेब द्या. मात्र त्या महिन्याचा पगार आधी ठरवून सांगा.