चिमणराव ते आबा टिपरे: हसवण्यामागचे गांभीर्य

मराठी माणसाला विनोदाचे वेड आहे. पण विनोदी नटाबद्दल गंभीरपणे बोलायची वेळ आली की आपण ‘धमाल केली’, ‘हसून हसून पुरेवाट झाली’ एवढ्यावर आटोपते घेतो. रडवणारा तो खरा अभिनय आणि हसवणारी ती करमणूक, ही वाटणी आपण फारशी तपासून पाहिलेलीच नाही. ती तपासायची तर दिलीप प्रभावळकरांची कारकीर्द समोर ठेवावी. महाराष्ट्राने या नटाला दोनदा घरचा माणूस मानले, आणि दोन्ही वेळा ते घडले छोट्या पडद्यामुळे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकात चि. वि. जोशींचा चिमणराव मालिकेतून घरोघरी पोहोचला. काम सोपे नव्हते. चिमणराव वाचकांच्या मनात कित्येक वर्षे ठाण मांडून होता. १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकरांनी तो रंगवलाही होता. खरी अडचण मात्र वेगळी होती. पुस्तकात चिमणराव स्वतःच आपली हकीकत सांगतो. आपली फजिती तो इतक्या निरागस प्रतिष्ठेने सांगतो की हसू त्या सांगण्यातच असते. पडद्यावर हे निवेदन गळून पडले की उरतो तो फजितीचा नुसता प्रसंग. मग निवेदनातला तो भाबडा आत्मविश्वास नटाला चेहऱ्यावर आणि आवाजात आणावा लागतो.

प्रभावळकरांनी नेमके तेच केले. किनरा आवाज, सदा धास्तावलेली नजर आणि तरीही ‘आपण घरातले कर्ते पुरुष’ हा ठाम समज. त्यांच्या चिमणरावाला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसतो. समोर बाळ कर्वे यांचा दणकट, बेधडक गुंड्याभाऊ उभा राहिला की या भित्रेपणाला आणखी धार चढे. प्रेक्षकांकडे पाहून ‘हसा आता’ असे सुचवण्याचा मोह प्रभावळकरांना झालेला दिसत नाही. विनोदी अभिनयातली पहिली आणि सर्वांत अवघड शिस्त हीच.

दूरचित्रवाणी नटाला प्रसिद्धी देते आणि त्याची किंमतही वसूल करते. जी भूमिका लोकांना आवडते तीच पुन्हा पुन्हा मागितली जाते आणि नट तिच्यात अडकतो. चिमणरावाच्या लोकप्रियतेवर प्रभावळकरांना आयुष्यभर निभावून नेता आले असते. त्यांनी वाट वेगळी धरली. ‘चौकट राजा’मध्ये (१९९१) त्यांनी मतिमंद नंदू उभा केला. स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात एकाच प्रयोगात सहा वेगवेगळी माणसे रंगवली. त्यांतले थकलेले, संगीत नाटकाच्या वैभवात जगणारे कृष्णराव हेरंबकर पाहताना हसू येता येता घसा दाटून येतो. त्याच नटाला ‘एनकाउंटर: द किलिंग’मधला गुन्हेगारी जगातला पुनप्पा करतानाही परके वाटले नाही.

आणि मग २००१ साली अल्फा टीव्ही मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. टिपऱ्यांच्या घरात मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शलाका आणि शिऱ्या. दिवसभरात घरात जे घडते ते आबा डायरीत लिहितात. साठीलाही न पोहोचलेल्या नटाने उभे केलेले हे आजोबा इतके अस्सल होते की त्यात अभिनय आहे हेच लोक विसरून गेले.

आबांचे मोठेपण नीट पाहायला हवे. आपल्या मालिकांत म्हातारा माणूस एक तर आशीर्वाद देतो, नाही तर अडगळीत पडून डोळे पुसतो. आबांना कुतूहल आहे. नातवाची भाषा कळून घ्यायची त्यांना हौस आहे आणि आपले मत बाजूला ठेवून ऐकण्याची तयारीही आहे. म्हणून आबांच्या प्रसंगांत प्रभावळकरांचे ऐकणे पाहण्यासारखे असते. समोरचा बोलत असताना त्यांच्या चेहऱ्यावर आधी उत्सुकता, मग किंचित गोंधळ आणि शेवटी मायेने केलेले दुर्लक्ष, असे सरकत जाते. वाक्य दुसऱ्याचे असते, हशा मात्र या ऐकण्यावर येतो. चिमणराव आणि आबा यांना जोडणारा धागाही इथेच आहे. दोघेही आपल्या घराचे साक्षीदार आहेत. एकाला स्वतःचे हसे झालेले कळत नाही, दुसऱ्याला सगळे कळते आणि तो कुणाचेही हसे होऊ देत नाही.

यावर कोणी म्हणेल की श्रेय लेखनाचे आहे, चि. विं.चा चिमणराव कोणीही केला असता तरी चालला असता. हे मला पटत नाही. चांगले लेखन वाईट नटाच्या हाती पडले की काय होते, हे मराठी प्रेक्षकाला सांगायला नको. शिवाय प्रभावळकर स्वतः लेखक आहेत. ‘बोक्या सातबंडे’वर वाढलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. शब्द कुठे थांबतो आणि चेहऱ्याने कुठून पुढे न्यायचे, हे त्यांना लेखक म्हणूनही ठाऊक आहे.

‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी आणि ‘शेवरी’तली भूमिका यांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये, एक्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’मध्ये त्यांनी कोकणातला लोककलावंत बाबुली मेस्त्री साकारला आणि नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतले. हे सारे मान योग्यच आहेत. पण गांधीजींची ती शांत, मिश्किल नजर आकाशातून पडली नव्हती. समोरच्याला न दुखावता ऐकून घेणारे आबा आधी झाले होते, म्हणून ते गांधीजी इतके सहज उभे राहिले, असे मला वाटते.

म्हणून नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांना आणि आपल्या समीक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. चिमणराव आणि आबा टिपरे यांना आठवणींच्या कार्यक्रमांपुरते ठेवू नका. ‘हसवाफसवी’तले हेरंबकर जितक्या गांभीर्याने अभ्यासायचे, तितक्याच गांभीर्याने आबांचे ऐकणेही अभ्यासाला लावा. प्रभावळकरांचा विनोद हा त्यांच्या मोठ्या अभिनयाचा पाया आहे.