आदी धरू दे

दिल्लीकडे मनीप्लांट नसलेलं घर शोधूनच काढावं लागेल. स्वयंपाकघराच्या खिडकीत सॉसच्या रिकाम्या बाटलीत, नाहीतर टीव्हीशेजारी काचेच्या बरणीत तो असतोच. चोरून आणला तर जास्त फोफावतो, खाली लोंबू दिला तर घरातला पैसा जातो, अशा समजुती त्याच्याबरोबर येतात. पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला घरोघरी फिरतात, तेव्हा कूलरच्या जोडीला या बाटल्यांतही डोकावतात. बाटलीतल्या वेलीची पानं वर्षानुवर्षं तळहाताएवढीच राहतात आणि आपण समजतो, हे झाड एवढंच. मुळात ही वेल प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. रानात एखादं मोठं खोड सापडलं की ती २० मीटरपर्यंत चढते आणि उंचावरची तिची पानं मीटरभर लांब, कडांना खोल कापलेली होतात. वेल तीच असते, फक्त तिला खोड मिळालेलं असतं.

नोएडात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची ही गोष्ट. नवरा मिरजेजवळच्या नरवाडचा, बायको, म्हणजे आपल्या सूनबाई, पुण्याची, मुलगा दहा वर्षांचा, जन्माने आणि जिभेने दिल्लीचा. घरात वेली आल्या त्या एका नोव्हेंबरच्या धुरामुळे. नेहरू प्लेसच्या पहाडपूर बिझनेस सेंटरमध्ये अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनीप्लांट लावून इमारतीतली हवा सुधारली, ही गोष्ट २००९ पासून दिल्लीत सगळ्यांच्या तोंडी आहे. नासाच्या १९८९ च्या प्रयोगांचा दाखला तर नर्सरीवालेही देतात. २०१९ मध्ये त्या जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा हिशेब निघाला की एरवी इमारतीत हवा आत-बाहेर खेळून जेवढी साफ होते, तेवढी झाडांनी साफ करायला दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडं लागतील. एवढ्या कुंड्या कुणाच्या घरात मावणार? पण म्हणून घरातली वेल वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. ती का ठेवावी, याची कारणं हवेच्या आकड्यांपलीकडची आहेत.

तर या घरात मनीप्लांटच्या दोन बाटल्या होत्या आणि कुंडीत एक मॉन्स्टेरा, चिरा पडलेल्या मोठ्या पानांसाठी लावतात ती वेल. मॉन्स्टेरा महागाची, सूनबाईंनी हौसेने आणलेली. तिच्यासाठी खास मॉस स्टिकही आणली होती. नर्सरीत तिला मॉस स्टिक म्हणतात, पण तिच्यात मॉस नावालाही नसतं. पीव्हीसीच्या पाइपला काथ्या गुंडाळला की झाली मॉस स्टिक. सूनबाईंनी वेल त्या काठीला प्लास्टिकच्या काळ्या केबल टायने सात-आठ ठिकाणी आवळून टाकली होती. वेल सरळ उभी होती खरी, पण वर्षभरात आलेली नवी पानं आधीच्यांपेक्षा लहान निघाली होती आणि एकालाही चीर पडली नव्हती.

त्याच घरात फ्रिजवर एक तक्ता लावलेला होता. घरात मराठीच बोलायचं, एक हिंदी वाक्य बोललं की मोबाइलची दहा मिनिटं कमी, आणि आठवडाभर निभावलं तर रविवारी पिझ्झा. सूनबाईंची तळमळ खरी होती. सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी आणि नवरा रात्री नऊला गुरुग्रामहून येणार, मग मुलाच्या कानावर मराठी पडणार कुठून? पुण्याच्या आजोबांशी फोनवर बोलताना मुलगा अडखळला की तिच्या पोटात तुटायचं. तक्ता लागल्यापासून मुलाने एक युक्ती काढली होती. तो घरात बोलायचाच कमी. "हो", "नाही", "बरं", "झालं". चूक होण्याइतकं लांब वाक्य तो करतच नव्हता.

जुलैत नरवाडहून आजी आली. गोवा एक्सप्रेसने मिरजेहून थेट निजामुद्दीन. नरवाड, बेडग, आरग हा सगळा पट्टा पानमळ्यांचा. आजीचं आयुष्य नागवेलीत गेलं होतं. पहिल्या दिवशी चहा पिऊन ती बाल्कनीच्या दाराशी ठेवलेल्या मॉन्स्टेरासमोर उकिडवी बसली, आणि बसण्याआधी तिने चपला काढल्या. पानमळ्यात पायताण घालून जायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. तिने काठीवरून बोट फिरवलं. काथ्यावर पांढरी खरबरीत पुटं जमली होती. मग तिने एक केबल टाय नखाने हलवून पाहिला. तो हलेना.

"ही बांदलीया का कोंडलीया गं?" तिने विचारलं.

सूनबाई ओशाळल्या. "आई, आधाराशिवाय ती वाकत होती."

"आदार कुटाय? ही तर वाळलेली काठी हाय."

आजीने वेलीच्या पाठीवरचं एक पेर दाखवलं. त्यातून बोटभर लांबीचं तपकिरी मूळ निघून हवेतच थांबलं होतं, टोक काळं पडून. अशी मुळं प्रत्येक पेराला होती आणि एकानेही काठी धरली नव्हती. नागवेल असो, मनीप्लांट असो की मॉन्स्टेरा, या वेली पेराच्या मुळांनी चढतात. मुळाच्या टोकाला ओल लागली की त्यातून बारीक केसासारखे तंतू फुटतात आणि ते खोडाच्या सालीत घुसून बसतात. ओल नसेल तर मूळ तसंच वाळतं. मुळाने आधार धरला आणि त्यातून पाणी ओढायला लागलं, की वेल पुढचं पान मोठं काढते. धरायला काही मिळालं नाही की ती दोन पानांमधलं अंतर वाढवते, पान लहान काढते आणि पुढे पुढे शोधत राहते. बाटलीतून लोंबणारा मनीप्लांट लांबच लांब का होतो, याचं उत्तर इथे आहे.

"आमच्याकडं शेवरी, शेवगा, पांगारा लावत्यात आणि त्येंच्यावर येल सोडत्यात," आजी म्हणाली. "झाड जितं असतंय. सावली देतंय, सालीला वल धरतंय. येल बांदतोय आमी, पर लव्हाळ्यानं. येलीनं झाड धरलं की लव्हाळा आपोआप कुजून पडतोय."

मुलगा गृहपाठ सोडून कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नाही. "आजी, लव्हाळा म्हणजे?"

"वढ्याकाठचं गवात. दोरीवानी चिवट."

"मग ते कुजलं तर वेल पडणार नाही?"

"तवर तिनं झाड धरल्यालं असतंय की."

पांढऱ्या पुटांचा उलगडाही झाला. पाणी वाया जाऊ नये म्हणून सूनबाई आरओच्या यंत्रातून फेकलं जाणारं पाणी झाडांना घालत होत्या. आरओ क्षार वेगळे काढतो आणि ते त्या फेकायच्या पाण्यात उतरतात. नोएडाकडे बोअरचं पाणी आधीच जड, त्यात हे आणखी दाट. काठीवर पाणी वाळायचं, क्षार उरायचे आणि मुळाची कोवळी टोकं जळायची. आजीला आरओ माहीत नव्हता. तिने काथ्या जिभेला लावला आणि "खारं हाय" म्हणाली. त्या दिवसापासून एसीच्या नळीखाली बादली आली. हवेतली वाफ गार होऊन ठिबकणारं ते पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. जुलैच्या दमट दिवसांत बादली रात्रीत भरायची.

नवी काठी रविवारी झाली. आजीला बांबूला गोणपाट गुंडाळायचं होतं. मुलाचे बाबा म्हणाले, ते दोन-तीन महिन्यांत कुजेल. त्यांनी नर्सरीतून स्फॅग्नम मॉस आणि प्लास्टिकची जाळी आणली. आजीला जाळी काही आवडली नाही, पण भिजवून पिळलेलं मॉस हातात घेऊन तिने मान डोलावली. "ह्ये बरं हाय. पानी धरतंय." मधे बांबू, भोवती मॉस, बाहेरून जाळी. डोक्यावर पाण्याची बाटली उलटी खोचली आणि तिच्या झाकणाला सुईने भोक पाडलं, थेंब थेंब पडायला.

मग केबल टाय कापायचं काम आलं. ते नातवाकडे दिलं, कारण त्याची बोटं बारीक. इथे सूनबाईंची आणखी एक चूक दिसली. अर्धे टाय खोडाला नव्हतेच, पानांच्या देठांना होते. देठ जखडला की पानाला उजेडाकडे वळता येत नाही. आजीने जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. पट्टी पेराच्या जरा खाली, खोडाला, आणि आतून करंगळी जाईल एवढी सैल. वेलीची पाठ काठीला, पानं खिडकीकडे. कुंडी फिरवून काठी खोलीच्या अंधाऱ्या बाजूला आणली.

ही अंधाराची बाब मला फार मोलाची वाटते. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मॉन्स्टेराच्या एका रानटी जातीबद्दल लिहिलं. तिचं बी जमिनीवर रुजलं की रोप उजेडाकडे जात नाही, आजूबाजूला सगळ्यात जास्त अंधार असेल तिकडे सरपटत जातं. जंगलात सगळ्यात गडद दिसतं ते जाड झाडाचं खोड. खोड गाठून चढायला लागल्यावर मग ती उजेडाकडे वळते. कोवळ्या वयात तिला उजेडापेक्षा आधाराची गरज जास्त असते.

रोज संध्याकाळी बाटली भरण्याचं काम नातवाचं झालं. काम असलं की बोलणं येतंच. पांगारा कसा दिसतो, पानमळ्यात साप असतात का, पान खुडताना देठ किती ठेवायचा, लव्हाळा दिल्लीत यमुनेकाठी मिळेल का. आजीला हिंदी येत नव्हती, त्यामुळे विचारायचं तर मराठीतच विचारायला लागे, आणि आजी चुका मोजत नव्हती. तक्ता फ्रिजवर होता, पण त्यावर खुणा करायचं सूनबाईंच्या लक्षात राहीना.

तीनेक आठवड्यांनी पहिलं मूळ जाळीतून आत शिरलं. त्याच सुमाराला वरचं एक पान तिरकं फुटलं होतं, ते सरळ करायला सूनबाई नवी पट्टी घेऊन आल्या. आजीने हात धरला. "आदी धरू दे. मंग वळीव."

ऑगस्टच्या एका रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "भाजी हवी का?" मुलगा म्हणाला, "न्हाई, मला बास झालं. आज मुळानं दुसरी गाठबी धरली, तुमी बगितलं न्हाई व्हय?" एवढं लांब वाक्य त्या टेबलावर कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. सूनबाईंच्या ओठांवर "न्हाई नव्हे, नाही म्हण" आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "कुठली गाठ? दाखव बरं." दोघं ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी तक्ता फ्रिजवर नव्हता.

गणपतीत नवं पान उलगडलं, दोन बाजूंना तीन-तीन चिरा घेऊन. खालच्या पट्ट्या आजीने स्वतः कापल्या आणि मुलाला वेल हलवून पाहायला लावली. ती हलली नाही. दसऱ्यानंतर आजी गावी गेली. थंडीत वेल थांबली, बाटली आठवड्यातून एकदाच भरली जाऊ लागली, आणि फोनवर मुलगा आजीला धुक्याचे आणि वेलीचे रिपोर्ट देऊ लागला. पुण्याच्या आजोबांनाही तो आता स्वतःहून फोन करायचा. त्यांनी एकदा हसत सूनबाईंना विचारलं, हा नरवाडचा पाहुणा कोण?

मार्चमध्ये वेल काठीच्या टोकाला पोचली. पानमळ्यात दरवर्षी उतरण करतात. उंच गेलेली वेल खाली घेऊन तिचा खालचा भाग वेटोळा करून मातीत पुरतात, म्हणजे ती नव्याने चढते. मुलाने फोन लावला.

"आजी, येल वर गेली. उतरण करायची का?"

"तुझ्या येलीचं खोड जाड, त्येचं वेटोळं हुनार न्हाई. शेंडा दोन पेरं मुळांसकट काप आणि खाली मातीत लाव. पर आत्ता नगं. मी असते तर पाऊस पडंस्तोवर थांबले असते."

"हितं न्हाई चालत, आजी. हितं मे-जूनमदी लू असती, कापल्यालं सगळं वाळंल. आत्ताच लावलं तर उनाळ्याआदी मुळं धरतील. एक तुकडा खालच्या मजल्यावरच्या आंटींना बी द्यायचा हाय."

"मंग कर की," आजी म्हणाली. "मला कशाला इचारतूस?"