बंद खोलीतले जबाब

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही दैनिकाचं जिल्ह्याचं पान उघडा. खुनाच्या बातमीत एक वाक्य हमखास भेटतं: पोलिसी खाक्या दाखवताच संशयिताने गुन्ह्याची कबुली दिली. आपण ते वाचतो, ‘बरं झालं, सापडला’ म्हणतो आणि पान उलटतो. खाक्या दाखवला म्हणजे नेमकं काय केलं, किती वेळ केलं, खोलीत कोण कोण होतं, संशयिताच्या तोंडचे शब्द कोणते आणि कागदावर उतरले ते कुणाचे, हे बातमीत नसतं आणि आपणही विचारत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांनी खटला उभा राहतो. तेव्हा न्यायाधीशांना, वकिलांना त्या खोलीत काय घडलं असेल याची जुळवाजुळव करावी लागते. त्यासाठी हाताशी असतात ते एकाच बाजूने लिहिलेले कागद.

चौकशीची नोंद चौकशी चालू असतानाच, कुणालाही नंतर तपासता येईल अशी झाली नाही, तर खुनाचा तपास न्यायापर्यंत पोचत नाही. तो फक्त कबुलीपर्यंत पोचतो. आणि त्याचा फटका आरोपीइतकाच, कधी त्याहून जास्त, ज्या घरातलं माणूस मारलं गेलं त्या घराला बसतो.

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या मातीला बंद खोली काय असते हे शिकवायला नको. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या काळात, 1943 ते 1946 या वर्षांत, हे गाव जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेचं ठाणं होतं. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, त्यानंतर पोलिसांचा ससेमिरा आणखी वाढला. भूमिगत कुठे आहेत हे काढून घेण्यासाठी त्यांच्या घरच्यांना उचललं गेलं, मारहाण झाली, घरादारावर जप्त्या आल्या. इथल्या कित्येक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून या गोष्टी पुढच्या पिढ्यांनी ऐकल्या आहेत. मार खाऊनही नाव न सांगणाऱ्यांचा अभिमान आपण बाळगतो, आणि तो योग्यच आहे.

पण त्याच इतिहासाचं दुसरं पानही वाचायला हवं. प्रतिसरकारने खबऱ्यांना आणि गावगुंडांना तळपायावर काठ्यांचे फटके दिले. लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हे नाव रुळलं ते या शिक्षेवरूनच, असं सांगितलं जातं. नाना पाटलांच्या त्या सरकारने दरोडेखोरांना चाप लावला, गावोगावी न्यायदान मंडळं उभी केली, गरिबाला दाद मिळवून दिली. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हेही बोललं पाहिजे. फटके मारणारा इंग्रजांचा शिपाई असो की आपलाच सैनिक, फटका बसणारा माणूस वेदना थांबावी म्हणून बोलतो. तो बोलला ते खरं की खोटं, हे वेदनेवरून कळत नाही. ते बाहेरच्या पुराव्यावरूनच कळतं.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1855 साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल आणि पोलीस खात्यातले मारहाणीचे प्रकार उघड केले. त्यानंतर 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग 1872 च्या पुरावा कायद्यात एक नियम बसला: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. परक्या सरकारनेही आपल्या पोलिसांवर एवढा विश्वास टाकला नाही. कलम 25, 26 आणि 27 मधला तो नियम आज भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे.

मात्र कलम 27 ने एक दार किलकिलं ठेवलं. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. 1946 साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात याची हद्द आखून दिली. ‘भाला लपवलेली जागा दाखवतो’ हे चालेल, ‘त्या भाल्याने मी त्याला मारलं’ हे चालणार नाही. तेव्हापासून खुनाचे असंख्य खटले या एका दारातून आत येतात.

त्या दारातून येणारा कागद जवळून पाहू. त्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. वर तारीख, वेळ, ठिकाण: पोलीस ठाणे. मग दोन पंच. मग ठरलेल्या साच्यातलं वाक्य, की आरोपीने पंचांसमक्ष, कोणत्याही दबावाविना, स्वखुशीने निवेदन केले की हत्यार लपवून ठेवलेली जागा दाखवतो व हत्यार काढून देतो, माझ्यासोबत चला. पुढे सरकारी वाहन, उसाचा फड किंवा पडकी विहीर, लाकडी दांड्याची कुऱ्हाड, पात्यावर रक्तासारखे डाग, कागदी वेष्टन, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि लाखेचं सील. सगळं कसं जागच्या जागी. पण या वाक्यात आरोपीचा आवाज कुठेच नाही. पलूस तालुक्यातला शेतमजूर ‘निवेदन करतो की’ असं बोलत नाही.

अशा कागदामागची चौकशी पुन्हा उभी करायची तर जाणता वकील आधी वेळा जुळवतो. अटक कधीची, निवेदन कधीचं, मधले दिवस कशात गेले? ठाण्याच्या डायरीतली नोंद आणि पंचनाम्यातली वेळ एकमेकींना धरून आहेत का? पंच त्याच गावचे, की दर पंचनाम्याला भेटणारे? हत्यार निघालं ती जागा सगळ्यांच्या येण्याजाण्याची होती का? ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती का? रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी अंगावरच्या खुणांबद्दल विचारलं का, वैद्यकीय तपासणीच्या कागदावर काय आहे? कागद जे बोलतो त्याच्यापेक्षा तो जे टाळतो ते इथे कामाचं ठरतं.

नाशिकजवळचं एक प्रकरण बघा. 5 जून 2003 च्या रात्री एका शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. घरातल्या पाच जणांचा खून झाला. जखमी होऊन वाचलेल्या त्या घरच्या बाईने दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जणांना ओळखलं. पुढे आरोपी म्हणून उभे राहिले ते भलतेच सहा जण, भटक्या समाजातले, मोलमजुरी करणारे. त्यांना फाशी झाली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. नंतर कळलं की त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. अखेर 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि चुकलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. जवळपास 16 वर्षं त्यांची तुरुंगात गेली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती न झालेली चौकशी. अल्बममधल्या त्या चौघांचं काय केलं, याचा समाधानकारक उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. ज्या बाईने आपलं घर डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होताना पाहिलं, तिचा पहिला शब्दच फाइलमध्ये पडून राहिला. सहा निरपराध तुरुंगात गेले आणि तिचे गुन्हेगार मोकळेच राहिले. ‘आरोपींचे फार लाड होतात’ असं म्हणणाऱ्यांनी या बाईच्या बाजूला उभं राहून विचार करावा.

दुसरं उदाहरण मुंबईचं. 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. खटला संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखाली चालला. त्या कायद्यात अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरतो. त्या जबाबांचा मोठा आधार घेऊन 2015 मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या, त्यांतल्या पाचांना फाशी. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी तोच मजकूर आढळला. मारहाणीच्या तक्रारी आणि वैद्यकीय कागद न्यायालयाने गांभीर्याने घेतले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला तिथे स्थगिती मिळाली. अंतिम निकाल काहीही लागो, एक गोष्ट स्पष्ट आहे. एवढ्या मोठ्या खटल्यात जबाबांचा खरेपणा एकोणीस वर्षांनी, वाक्यं ताडून बघून ठरवायची वेळ आली.

इंग्लंडवरही ही वेळ आली होती. 1974 च्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांत चौघांना कबुलीजबाबांवरून जन्मठेप झाली. 1989 मध्ये पोलिसांच्याच दप्तरात चौकशीच्या टंकलिखित टिपणांची एक प्रत सापडली, तिच्यावर हाताने खाडाखोड केलेली. न्यायालयाला ‘चौकशी चालू असतानाच लिहिलेली’ म्हणून दाखवलेली हस्तलिखित टिपणं त्या दुरुस्त प्रतीशी जुळत होती. म्हणजे मजकूर आधी घडवला गेला होता. चौघे सुटले. त्याआधीच, अशा इतर प्रकरणांतून धडा घेत, तिथे पोलिसी चौकशीला नियम घालणारा 1984 चा कायदा आणि त्यामागून ध्वनिमुद्रण आलं होतं. चौकशीची एक टेप संशयिताच्या समोरच सीलबंद होऊ लागली. पोलिसांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण टेपने प्रामाणिक अधिकाऱ्याचंच रक्षण केलं. त्याच्यावरचा खोटा आरोप खोडायला त्याच्याकडे पुरावा आला. नव्वदीच्या दशकात तिथली चौकशीची पद्धतही बदलली. आधी माणसाला त्याची हकीकत पूर्ण सांगू द्यायची आणि मग एकेक तपशील बाहेरच्या पुराव्याशी ताडायचा.

हे फक्त परदेशात जमतं असंही नाही. 1968 मध्ये खुनांच्या मालिकेने मुंबई हादरवणाऱ्या रामन राघवची हकीकत मराठी वाचकाला माहीत आहे. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखालच्या त्या तपासात पकडल्यावर तो काही बोलेचना. मग त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, डोक्याला तेल मागितलं, फणी आणि आरसा मागितला. ते मिळाल्यावर तो बोलू लागला, पोलिसांना घेऊन फिरला, लपवलेली हत्यारं दाखवली. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी तपासल्यावर त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. त्याच्या बोलण्याला किंमत आली, कारण तो सांगत होता ते जागेवर जाऊन बघता येत होतं.

आणि कुंडलकरांना तर याहून जवळचा दाखला आहे. हे गाव औंध संस्थानचं तालुक्याचं ठिकाण होतं. त्याच संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे बेड्यांविना, कुटुंबासह राहू लागली, शेती करू लागली. शांतारामबापूंचा 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्या प्रयोगावर बेतलेला आहे. धाक वजा केल्यावरही राज्याचा अधिकार टिकतो, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालं आहे.

मार नको म्हणून यंत्राचा आडमार्गही काढून झाला. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या विद्युत चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभर चर्चा झाली. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी माणसाच्या संमतीविना करता येणार नाही. ते बरंच झालं. माणसाच्या डोक्यातून परस्पर सत्य उपसायची हाव आणि तळपायावरची काठी यांची जात एकच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीत मेला. नोंद झाली ती आरोपी पळून गेल्याची. त्याचा मृतदेह आंबोलीच्या जंगलात नेऊन जाळल्याचं उघड झालं आणि पोलिसांनाच अटक झाली. सांगली रस्त्यावर उतरली. काठी कुठवर जाते आणि कागद तिला किती सहज झाकू बघतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, अधिकाऱ्यांच्या खोल्यांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर जपायचं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं. पण जबाब घेतानाचं चित्रीकरण मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं. कुऱ्हाड उसातून निघताना कॅमेरा सक्तीचा, ती कुठे आहे हे ज्या खोलीत विचारलं गेलं तिथला जबाब चित्रित करणं ऐच्छिक. मूळ दुखणं नेमकं तिथेच राहिलं.

यावर पोलीस सांगतात की मनुष्यबळ कमी, बंदोबस्ताचा ताण, वरून ‘चोवीस तासांत आरोपी पाहिजे’ असा दट्ट्या. हे सगळं खरं आहे, आणि तो दट्ट्या आपणही देतो. गावात खून झाला की आपण मोर्चा काढतो, बंद पुकारतो, आरोपी आमच्या ताब्यात द्या म्हणतो. आपल्याला कबुलीची घाई असते, म्हणून ठाण्यात कबुली तयार होते. तपासाला लागणारा वेळ समाजाने दिला नाही तर अधिकारी तो कुठून आणणार?

म्हणून मागणी नेमकी हवी. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यात संशयिताची प्रत्येक चौकशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित झाली पाहिजे, एक प्रत सीलबंद होऊन दंडाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे. सैनी निकालाने जिल्हा पातळीवर देखरेख समिती नेमायला सांगितली आहे. तिच्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या जोडीला ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेचा प्रमुख बसतो. म्हणजे कुंडलच्या मतदाराचा हात तिथवर पोचतो. आपल्या ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, आवाज येतो का, समितीने ते शेवटचे कधी तपासले, हे ग्रामसभेत ठराव करून विचारता येतं, माहितीच्या अधिकारात लेखी मागता येतं. आपल्यावर राज्य करणाऱ्याला जाब विचारायचा हक्क या गावाने जिवावर उदार होऊन मिळवला. तो वापरायचा तर या प्रश्नापासून सुरुवात करावी.