छत्तीस मिनिटं

मी हिंगोलीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. माझ्या चोपडीत जमा आहे, नावे आहे, शिल्लक आहे. 'वाचले' असा रकाना तिथं नाही. म्हणून गेल्या दसऱ्याला थोरला ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि "पप्पा, काल चोवीसशे रुपये वाचवले" म्हणाला, तेव्हा मी सरळ विचारलं, "कुठं ठेवलेस?"

तो हसला. म्हाताऱ्याला काय कळतंय, असं ते हसणं होतं.

मग त्यानं समजावून सांगितलं. स्टीम नावाचं एक दुकान आहे, कॉम्प्युटरवरचे खेळ विकणारं. ना गाळा, ना फळ्या. पैसे भरायचे आणि खेळ आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा. २०१५ पासून तिथं रुपयांत भाव लागतात. वर्षातून चार मोठे सेल असतात. २०२५ साली त्यातला शरदातला सेल २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर असा आला होता आणि दसरा होता २ ऑक्टोबरला. थोरल्यानं बत्तीसशेचा एक खेळ आठशेला घेतला होता. घोडे, बंदुका, डोंगर, नद्या, सगळं खऱ्यासारखं. पंच्याहत्तर टक्के सूट. त्या खेळाचं नाव इथं सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात खेळाचा काही दोष नाही.

हिंगोलीचा दसरा दीडशेहून जास्त वर्षं चालत आलाय. म्हैसूरच्या खालोखाल आमचाच, असं आम्ही हिंगोलीकर छातीठोकपणे सांगतो. मोजायला कोण येतंय? रामलीला मैदानावर रावण जळतो आणि खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो. पण गेल्या वर्षी माणसं आली ती तोंडं उतरवून. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीनं मराठवाड्याचं कंबरडं मोडलं होतं. माझी बहीण सेनगाव तालुक्यात दिलेली. तिच्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. तरी तिनं पोराच्या हातावर हजार रुपये ठेवले, सणाला पँट-शर्ट घे म्हणाली आणि त्याला आमच्याकडं पाठवलं.

भाचा अकरावीला. दादा म्हणजे त्याला देव. नांदेडला इंजिनिअरिंगला असलेला, इंग्रजी बोलणारा दादा. रावण जळाला, आपट्याची पानं दिली-घेतली, आणि परतताना गर्दीत थोरला त्याला म्हणाला, "लेका, तो खेळ घेऊन टाक. आठशेत पुन्हा मिळायचा नाही. सहा तारखेला भाव परत बत्तीसशे." मी मागंच चालत होतो. बोललो नाही. पोरांच्या बोलण्यात तोंड घालू नये असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर माझे पायही दुखत होते.

कपड्याच्या दुकानाकडं वळायच्या आधीच आठशे रुपये फोनवरून गेले. भाचा मागच्या वर्षीच्या शर्टावर गावी परतला. खिशात दोनशे उरले होते, ते त्यानं आईला दिले. तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

भाच्याचा कॉम्प्युटर म्हणजे बंद पडलेल्या एका ई-सेवा केंद्रातून आलेला जुना डबा. चार जीबी रॅम, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणून जे काही असतं ते नाहीच. दाखले छापायला ठीक. खेळ दीडशे जीबीचा. गावात नेट फोनवरचंच, आणि त्याच्या फोनला दिवसाला दोन जीबी.

हा हिशोब कुणीच केला नव्हता. मी केला असता. मला दुसरं येतं काय? दीडशे भागिले दोन, पंच्याहत्तर. पंच्याहत्तर दिवस, एकही दिवस न चुकता.

आणि पोरानं एकही दिवस चुकवला नाही. दिवाळीनंतर मी बहिणीकडं गेलो होतो, तेव्हा रात्री ते डोळ्यांनी पाहिलं. बारा वाजले की फोनचा नवा दिवस सुरू होतो. पोरगं पावणेबाराला उठायचं, फोन देवळीत ठेवायचं, कारण घरात रेंज फक्त तिथं लागते. वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि पडद्यावरची हिरवी रेघ सरकताना बघत बसायचं. दोन जीबी संपले की रेघ थांबायची. मग वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि टक्के लिहून झोपायचं. वीज गेली तर दुसऱ्या दिवशी आईच्या फोनचं नेट. कोपऱ्यात बाप घोरतोय, बाहेर कुत्री भुंकतायत आणि हा रेघ बघत बसलाय. मी गोधडीतून विचारलं, "झोपत का नाहीस रे?"

"उतरायलंय, मामा."

वहीचं ते पान मी सकाळी पाहिलं. माझ्या चोपडीपेक्षा नीट होतं.

१६ डिसेंबरला खेळ पुरा उतरला. भाच्यानं आंघोळ करून, देवाला हात जोडून चालू केला म्हणे. पडदा काळा झाला, थोडा वेळ काळाच राहिला, आणि खेळ बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. रात्री दादाचा फोन आला, "काय, कसाय?" तेव्हा हा म्हणाला, "भारी आहे, दादा."

इथं माझ्यासारख्याला राग यायला हवा, पण आला नाही. दादाचा शब्द खोटा पाडायचा म्हणजे पोराला जड गेलं असणार.

अडचण अशी, की हे 'भारी आहे' तो ऑक्टोबरपासूनच म्हणत होता. कॉलेजात वर्गातल्या मित्राला त्यानं सेल संपायच्या आतच सांगून ठेवलं होतं, आमच्या दादानं घेतलाय, डोळे झाकून घे. त्या मित्रानंही डोळे झाकून घेतला.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मित्राचा बाप आमच्या आडतीवर हळद घेऊन आला. भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेली जुनी हळद, सोयाबीन गेल्यामुळं आता काढावीच लागली. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बीट कसं होतं, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढीग ओतलेले असतात. ढोलात घोळून पॉलिश केलेली कांडी वरून सोन्यासारखी दिसते. तशी ती सगळ्यांचीच दिसते. खरेदीदार ढिगाच्या वरची कांडी कधी घेत नाही. कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातली काढतो, दोन्ही अंगठे मध्ये ठेवून मोडतो. नीट वाळलेली असेल तर टणकन आवाज येतो आणि आतून केशराकडं झुकणारा पिवळा रंग दिसतो. ओल राहिली असेल तर कांडी आधी वाकते, आणि आवाज येतो तो बद्द. मग तो दुसऱ्या बाजूनं आणखी एक मोडतो. त्यानंतरच तोंडातून आकडा निघतो. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला, पण त्या दिवसानंतरही कांडी मोडल्याशिवाय कुणी बोली लावल्याचं मी पाहिलेलं नाही.

त्या बापाची हळद चांगली निघाली. काटा झाला, पट्टी लिहून झाली. पैसे मोजून कमरेला लावताना तो म्हणाला, "मुनीमजी, राग मानू नका. तुमच्या घरचं नाव सांगितलं होतं म्हणून पोरानं आठशे रुपये घातले कसल्याशा खेळात. चालंना झालाय म्हणतो." एवढंच. चहा पिऊन गेला.

आडतीवर माणूस माल टाकतो तो नावावर. दोनशे आडती असोत की दोन, ह्याच दारात का यायचं, तर नाव. माझ्या पंचवीस वर्षांच्या मुनीमकीत आमच्या घरचं नाव असं आठशे रुपयांना पहिल्यांदाच पडलं. दिवसभर चोपडीत दोन ठिकाणी खाडाखोड झाली.

थोरला सुट्टीला आलेलाच होता. जेवणं झाल्यावर मी चोपडी घेऊन त्याच्यासमोर बसलो.

"तुझ्याकडं किती खेळ आहेत?"

"चौसष्ट."

"वाच."

त्याला वाटलं चेष्टा आहे. मी पेनाचं टोपण काढलं तेव्हा तो वाचायला लागला. प्रत्येक खेळाच्या नावाखाली आपण तो किती तास खेळलो ते दुकानच लिहून ठेवतं, हे मला तेव्हा कळलं. आमच्या धंद्यात असं कुणी लिहून ठेवलं तर निम्मे व्यापारी गाव सोडतील. चौसष्टपैकी एक्केचाळीस खेळ कधी उघडलेच नव्हते. दसऱ्याला घेतलेले अकरा होते, त्यातले नऊ तसेच.

"आणि तो घोड्यांचा?"

तो थांबला. "शून्य पूर्णांक सहा."

"सहा काय?"

"तास. म्हणजे… छत्तीस मिनिटं."

तेही हॉस्टेलवर मित्राच्या महागड्या मशीनवर, दसऱ्याच्या आदल्या रात्री. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरही तो धड चालत नव्हता.

"मग पैसे परत माग." मला वाटलं, दुकान आहे म्हणजे माल परत होत असेलच. होतो, तो म्हणाला. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर. नियम सरळ होता. पण चौदा दिवस झाले तेव्हा भाच्याच्या डब्यात अठ्ठावीस जीबी आले होते. माल गाडीतून उतरायच्या आत परतीची मुदत संपलेली.

"बरं, मग विकून टाका कुणालातरी निम्म्या भावात."

"विकता येत नाही, पप्पा. तो आपल्या खात्याला चिकटलेला असतो. खरं तर खेळ आपला नसतोच. खेळायची परवानगी असते फक्त."

मी पेन खाली ठेवलं. बत्तीसशेचा माल, आठशेला घेतलेला, घरात आलेला, चालत नाही, परत होत नाही, विकता येत नाही आणि आपला नाहीच. असली नोंद कुठल्या रकान्यात करायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी सोळाशे रुपये थोरल्याच्या नावे टाकले. आठशे भाच्याचे, आठशे त्या दुसऱ्या पोराचे. वर नोंद केली, 'शिफारस खाते'. आमच्या हिनं आतून ऐकलं, म्हणाली, "लेकराला किती ताणता?" पण भाकरी वाढताना तिनंही त्याच्याकडं बघितलं नाही.

१८ डिसेंबरला नाताळचा सेल सुरू झालेला होता. थोरल्यानं त्या वेळी काही घेतलं नाही. दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी एसटीनं आत्याकडं गेला आणि त्या डब्यासमोर बसला. मशीनमध्ये काय आहे ते आधी कागदावर उतरवलं. मग प्रत्येक खेळाच्या पानावर तळाशी, कुणी वाचत नाही तिथं, खेळाला काय लागतं ते छापलेलं असतं, ते वाचत गेला. संध्याकाळपर्यंत एक सापडला. स्टारड्यू व्हॅली. दोन जीबी रॅम पुरते, जागा पाचशे एमबी, म्हणजे भाच्याच्या फोनचा पाव दिवस. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं चार-साडेचार वर्षं एकट्यानं बसून तो केला, चित्रं, संगीत, सगळं, आणि २०१६ साली विकायला काढला. किंमत मुळातच पाचशेच्या आत. सेलमध्ये कितीला पडला, हे थोरल्यानं मला सांगितलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

आधी त्यानं तो स्वतःच्या खात्यात घेतला आणि त्याच डब्यावर दीड तास खेळून पाहिला. पंखा जोरात फिरतो का, मशीन तापतं का, अडकतं का. दोन तासांच्या आतच पाहिलं, म्हणजे नाही चाललं तर परत करता यावं. चालला. तेव्हा मग दोन्ही पोरांना तो भेट म्हणून पाठवला, आणि त्या मित्राच्या घरी स्वतः जाऊन आठशे रुपये देऊन आला. बाप घेत नव्हता. थोरला म्हणाला, पप्पांच्या चोपडीत नावे आहेत, घ्यावेच लागतील.

खेळ शेतीचा आहे. आजोबांचं पडीक रान नातवाच्या वाट्याला येतं, त्यानं ते दगड-धोंडे काढून कसायचं. एक हंगाम अठ्ठावीस दिवसांचा. भाच्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, कसाय? या वेळी तो भारी आहे म्हणाला नाही. म्हणाला, "मामा, यात पाऊस पडला की पाणी द्यायचं काम वाचतं. आणि पीक वाहून जात नाही." मग जरा थांबून, "हळद नाही पण यात."

मार्चात नवी हळद मोंढ्यात यायला लागली. थोरल्याचं खातं तोवर नील झालं, सुट्टीत त्यानं आमच्याच आडतीवर काटापट्ट्या लिहिल्या. त्या दुकानात खेळाखाली अंगठा वर किंवा खाली करून शिफारस लिहायची सोय आहे; शेजारी तुम्ही किती तास खेळलात ते आपोआप दिसतं. त्यानं लिहिलेली एकुलती एक शिफारस मला वाचून दाखवली. अंगठा वर. पहिल्याच ओळीत, ज्या मशीनवर चालवून बघितला त्याची रॅम, ग्राफिक्स कार्ड नसल्याचं, आणि उतरवायला किती डेटा लागला ते. शेजारी तास, चौतीस.

तो मोठा खेळ भाच्याच्या डब्यात अजून आहे. निम्मी जागा अडवून बसलाय. काढून टाक म्हटलं, तर पोरगं म्हणतं, "पंच्याहत्तर दिवस उतरवलाय, मामा."