बोफोर्स आणि दक्षिणेचा कौल

2024च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी, 19 नोव्हेंबरला, महाविकास आघाडीच्या दोन बड्या नेत्यांच्या म्हणून काही ध्वनिफिती बाहेर आल्या. दोघांनीही त्या बनावट असल्याचं सांगितलं. तेव्हापासून ‘एक क्लिप निवडणूक फिरवते’ हे विधान सर्रास ऐकू येतं. मतदार भोळा, कुणीही यावं आणि त्याला भुलवावं, असा त्यामागचा समज. दाखला दिला जातो तो बहुतेकदा बोफोर्सचा: एका तोफेनं राजीव गांधींचं सरकार घालवलं!

हा दाखलाच कच्चा आहे.

16 एप्रिल 1987 रोजी स्वीडिश रेडिओनं या तोफांच्या व्यवहारातल्या लाचखोरीची बातमी दिली. पुढं ‘द हिंदू’नं व्यवहाराची कागदपत्रं छापली. 1984मध्ये चारशेपार गेलेली काँग्रेस 1989मध्ये 197 जागांवर आली. इथवर सगळं खरं. पण निकाल राज्यवार पाहावा. उत्तर प्रदेशात काँग्रेस 83वरून 15वर घसरली. त्याच निवडणुकीत आंध्रात तिनं 42पैकी 39 आणि कर्नाटकात 28पैकी 27 जागा जिंकल्या. तमिळनाडूत अण्णाद्रमुकसोबतच्या तिच्या आघाडीला 39पैकी 38 मिळाल्या. ‘द हिंदू’ मद्रासचं पत्र. ज्यांच्या दारात हा पुरावा सकाळच्या दुधाबरोबर पडत होता, त्यांच्याच मुलखात काँग्रेसचा झेंडा फडकला!

आंध्रात लोकांचा राग होता तो एन. टी. रामाराव यांच्या राज्य सरकारवर, आणि तो त्यांनी दिल्लीच्या मतपेटीतही टाकला. उत्तरेत राग काँग्रेसवर होता. त्याला बोफोर्सनं नाव दिलं आणि विश्वनाथ प्रताप सिंहांनी चेहरा. 1988च्या अलाहाबाद पोटनिवडणुकीत गळ्यात गमछा घालून मोटरसायकलवरून फिरणाऱ्या या माजी अर्थमंत्र्याला तोफेचे तांत्रिक तपशील सांगत बसावं लागलं नाही. त्यात भर घातली सरकारनं. 1988मध्ये बदनामीविरोधी विधेयक लोकसभेत घाईनं मंजूर केलं आणि वृत्तपत्रं रस्त्यावर उतरल्यावर मागं घेतलं. लपवण्यासारखं काही नसेल तर हा खटाटोप कशासाठी, हे गावच्या पारावरच्या माणसालाही कळतं.

उलट बाजूचं उदाहरण तर त्याच निवडणुकीच्या वर्षीचं. सेंट किट्स या कॅरिबियन बेटावर सिंहांच्या मुलाचं गुप्त खातं असल्याची कागदपत्रं 1989मध्ये फिरवली गेली. ती बनावट होती. उत्तरेच्या मतदारानं ती झटकून टाकली.

प्रचारानं मत सहसा फिरत नाही, हे समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड यांनी फार आधी मांडलं होतं. अमेरिकी अध्यक्षपदाच्या 1940च्या रूझवेल्ट-विल्की लढतीत त्यांनी ओहायोतल्या एका परगण्यातल्या त्याच त्या मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठलं. प्रचारानं पक्ष बदलणारे थोडेच निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागली: रेडिओ-वृत्तपत्रांपेक्षा माणूस ओळखीच्या माणसाचं अधिक ऐकतो. आजही व्हॉट्सअॅपवरच्या मजकुराला वजन येतं ते बहुधा पाठवणाऱ्या मामामुळं. आरोप राग निर्माण करत नाही. राग आधी असतो, तो सोयीचा आरोप उचलतो.

मग अफवा निरुपद्रवी म्हणायच्या का? इथं मात्र मतदाराची पाठराखण थांबवावी लागते. रागाला सोयीचा आरोप खराच असेल याची हमी कुणी द्यायची? बोफोर्सच्या गदारोळात अमिताभ बच्चन यांचं नाव ओढलं गेलं आणि 1987मध्ये त्यांनी अलाहाबादची खासदारकी सोडली. त्यांचं नाव विनाकारण गोवलं गेलं, असं स्वीडिश तपास अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी जाहीरपणे सांगितलं ते 2012मध्ये. राजीव गांधींनी लाच घेतल्याचा पुरावा नव्हता, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. लाचखोरीचे आरोप दिल्ली उच्च न्यायालयानं 2004मध्ये फेटाळले, तेव्हा राजीव गांधींना जाऊन जवळपास तेरा वर्षं झाली होती. निवडणुकीचा निकाल अफवेनं लागत नसेल, पण माणसाचा लागतो.

कायदा आहे. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटं पसरवणं हे 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(4)नुसार भ्रष्ट आचरण ठरतं. मात्र ते प्रतिस्पर्धी उमेदवारानं, त्याच्या प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं केलेलं असावं लागतं. निनावी क्लिप या चौकटीतून सहज निसटते. क्लिप कुणी बनवली आणि पैसे कुणी पुरवले, याचा छडा ठरावीक मुदतीत लावणं निवडणूक आयोगावर बंधनकारक करा, ही मागणी मतदारांनी आता आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरली पाहिजे.